रोहिडा लावताय? मग या चुका टाळा

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव. पाऊस कमी आणि माळ जास्त, असा हा सांगली-साताऱ्याचा सगळा पट्टा. बांधाला किंवा घरापुढे कमी पाण्यावर येणारं, फुलणारं झाड हवं असेल तर इथल्या माणसाने रोहिड्याचा विचार जरूर करावा. थंडी संपता संपता, आजूबाजूचं सगळं करपल्यासारखं दिसत असताना हा झुबक्यांनी केशरी फुलतो. राजस्थानने 1983 साली त्याला राज्यफुलाचा मान दिला. तिकडे लाकडासाठी त्याला 'मारवाडी साग' म्हणतात आणि त्या लाकडापायीच त्याची बेसुमार तोडही झाली. शास्त्रीय नाव टेकोमेला अंड्युलाटा. थरच्या वाळूपासून पाकिस्तान, इराण, अरबस्तानच्या कोरड्या भागापर्यंत त्याचं मूळ घर आहे.

त्या घरात वर्षाला साधारण 150 ते 500 मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी वाळूतून झरझर खाली जातं आणि मुळांशी ओल फार काळ टिकत नाही. रोहिड्याच्या बहुतेक तक्रारींचं उत्तर यातच आहे. आपल्याकडे तो दुष्काळाने क्वचित मरतो. मरतो तो आपण केलेल्या लाडाने.

रोपच दुसरं आणलं

नर्सरीत 'केशरी फुलांचा टेकोमा' मागितला की हमखास दुसरंच काहीतरी हातात पडतं. बंगल्यांच्या कुंपणाला असते ती पिवळी घंटीची फुलं किंवा तिची केशरी भावंडं. तीही चांगली झाडं आहेत, पण तो रोहिडा नव्हे. ओळखायचं पानावरून. घंटीच्या फुलांच्या झाडाला एका देठावर पाच-सात पानं असतात आणि त्यांच्या कडांना करवतीसारखे दाते. रोहिड्याचं पान एकटं, लांबट, अरुंद, राखाडी झाक असलेलं हिरवं असतं. कडेला दाते नाहीत, पण कड सरळही नाही, ती हलकी लाटा घेत जाते. पान हातात धरून पाहिलं की शंका राहत नाही.

'रक्तरोहिडा' म्हणून मागाल तर आणखी सावध राहा. औषधी सालीच्या बाजारात त्या नावाखाली वेगवेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात, त्यामुळे रोपही भलत्याच झाडाचं निघू शकतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. रोहिड्यात पिवळी, केशरी आणि लालसर अशी तिन्ही रंगांची झाडं असतात. बियांपासून केलेल्या रोपाला केशरीच फूल येईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. केशरीच हवं असेल तर चार-पाच रोपं लावा आणि वाट पाहा. वाट मात्र वर्षांची आहे, कारण हे झाड सावकाश वाढतं.

काळ्या रानात खड्डा

वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत रोहिडा लावू नये, असं मी स्पष्टच सांगेन. पावसाळ्यात ती जमीन पाणी धरून बसते. ऊसपट्ट्यात क्षारपड झालेल्या रानात तर पाण्याची पातळी वरच असते, मुळांना श्वास घ्यायला जागा राहत नाही. थोडेफार क्षार हे झाड सोसतं, साचलेलं पाणी सोसत नाही. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडच्या मुसळधार पावसात त्याला नेण्यातही अर्थ नाही.

जमीन कशी आहे ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दीड फूट खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत जिरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसलं तर तिथे करंज लावा, रोहिडा नको. माणगंगेच्या आणि ओढ्यांच्या काठची वाळूसर जमीन, मुरमाड तांबूस माळ, उताराचा बांध या खऱ्या त्याच्या जागा.

घरापुढची जमीन काळीच असेल आणि झाड हवंच असेल, तर खड्ड्यात वाळू भरून भागत नाही. उलट नुकसान होतं, कारण भोवतालच्या चिकट मातीतलं पाणी त्याच खड्ड्यात उतरतं आणि साचतं. त्यापेक्षा मुरूम, वाळू आणि थोडी माती मिसळून जमिनीवर दीड-दोन फूट उंच, ऐसपैस वरंबा करा आणि त्यावर रोप लावा.

डाळिंबाच्या लॅटरलवरून पाणी

ही सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडे पाण्याची किंमत माणसाला लहानपणापासून कळलेली असते, त्यामुळे पाणी आलं की झाडाला ते द्यावंसंच वाटतं. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी शिवारात आलं, डाळिंबाला ठिबक झालं आणि बांधावरच्या रोहिड्यालाही त्याच लॅटरलवरून, म्हणजे ठिबकच्या नळीवरून, एक ड्रीपर जोडला, असं सर्रास होतं. डाळिंबाच्या वेळापत्रकावर रोहिडा जगत नाही.

आजारी झाडाचं निदान करताना लोक इथेच फसतात. जास्त पाण्याने आणि कमी पाण्याने, दोन्हींमुळे पानं सारखीच माना टाकतात. मग मालक आणखी पाणी सोडतो. पाणी सोडण्याआधी खुरप्याने बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार-सहा इंच उकरा. माती कोरडी खडखडीत लागली तर पाणी द्या. माती ओली आणि पानं मात्र पिवळी, मलूल असतील तर एखादं बारीक मूळ ओढून पाहा. चांगलं मूळ आतून पांढरट आणि चिवट असतं. सडलेल्याची साल बोटांत मोज्यासारखी निसटते, आत नुसता दोरा उरतो आणि कुबट वास येतो. असं दिसलं की पाणी तिथल्या तिथे बंद करा, आळं मोडा, बुंध्याभोवतीची माती मोकळी करून उन्हाला उघडी ठेवा. मुळं थोडी शाबूत असतील तर झाड सावरतं. बुंध्याची साल तळाशी गोलाकार काळी पडली असेल तर ते रोप गेलंच म्हणा.

पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर दहा-बारा दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्यावं आणि मधल्या काळात माती पूर्ण सुकू द्यावी. रोज तांब्या-तांब्या ओतल्याने मुळं वरच्या वर राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एक-दोनदा पुरतं. मूळ धरलेल्या झाडाला पुढे पाणी लागत नाही.

खत, आणि त्यातून येणारी हुमणी

पाटीभर शेणखत आणि वर मूठभर युरिया दिला की रोप लुसलुशीत वाढतं, फांद्या लांब आणि पोकळ होतात, फुलं लांबतात. शिवाय कच्च्या शेणखतातून हुमणी येते आणि कोवळी मुळं कुरतडते. ऊसवाल्यांना ही अळी वेगळी सांगायला नको. पूर्ण कुजलेलं, भुसभुशीत खत ओंजळ-दोन ओंजळ मातीत मिसळलं की बस.

लावायची वेळ

मृगाला झाड लावायची आपली रीत आहे. पण माणदेशात आणि जतकडे जून-जुलै पुष्कळदा कोरडेच जातात. भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वेळी पडतो. ठिबक किंवा टँकर हाताशी नसेल तर ऑगस्टअखेर लावलेलं रोप जास्त जगतं.

सावलीत लावू नका. भिंतीच्या उत्तरेला किंवा आंब्याखाली लावलेला रोहिडा नुसता उंच होत जातो.

पानं गळली म्हणून घाबरणं

रोहिडा जवळजवळ सदाहरित आहे, पूर्ण सदाहरित नव्हे. थंडीत फुलांच्या आधी त्याची बरीच पानं पिवळी होऊन गळू शकतात. झाड मेलं असं समजून नेमकं याच वेळी पाणी आणि खत दिलं जातं. फांदीवर नखाने हलकेच खरवडा. साल हिरवी असेल तर झाडाला हातही लावू नका.

दिवाळीला छाटणी

फुलं येतात ती बाजूच्या आखूड डहाळ्यांच्या टोकाला. दिवाळीच्या साफसफाईत कुंपणासारखी कात्री फिरवली की त्या डहाळ्याच जातात, आणि मग 'फुलत नाही' ही तक्रार सुरू होते. आकार द्यायचा तर शेंगा वाळल्यावर, पावसाच्या तोंडावर द्या. छाटलेल्या खोडाला चांगले फुटवे येतात, म्हणून झुडूप राखायचं असेल तर पहिली दोन-तीन वर्षं शेंडा खुडत राहा. मोकळं सोडलं तर त्याचा छोटा वृक्ष होतो.

फुलांच्या दिवसांत कीटकनाशक फवारू नका. त्या मोठ्या, वास नसलेल्या फुलांत मकरंद असतो आणि त्यासाठी शिंजीर, बुलबुल दिवसभर येत राहतात. बाग शेजारी असेल तर फवारा बांधाकडे जाणार नाही, एवढी काळजी घ्या.

मेंढरं आणि बी

कोवळा रोहिडा शेळ्यामेंढ्यांना फार आवडतो. मेंढपाळांच्या वाटेवर बांध असेल तर पहिली तीन-चार वर्षं बाभळीचे काटेरी फांटे भोवती रोवा. माळावरच्या वाऱ्यासाठी काठी द्या, पण सुतळी सैल बांधा, नाहीतर ती सालीत रुतते.

रोपं घरी करायची असतील तर बी ताजंच हवं. उन्हाळ्यात बारीक, वाकड्या शेंगा तपकिरी होऊन उकलायला लागतात, आणि एकदा उकलल्या की पातळ पंखाचं बी वाऱ्यावर जातं. म्हणून उकलायच्या आधीच शेंगा काढून कापडी पिशवीत वाळवा आणि त्याच वर्षी पेरा. जुनं बी फारसं उगवत नाही. बी भिजवण्याची, घासण्याची गरज नाही. निम्मी वाळू, निम्मी माती भरलेल्या लांब पिशवीत आडवं ठेवून वर अर्धा सेंटीमीटर वाळू पसरा आणि झारीनेच पाणी द्या. नुसत्या कोकोपीटमध्ये ओल धरून राहते आणि उगवलेली रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात.