मॉडेल पाणबुडीचा प्रोपेलर निवडताना पाती शेवटी मोजा

सात पात्यांचा, कोयत्यासारखा वळलेला पितळी प्रोपेलर दिसला की पाणबुडी बनवणारा माणूस भाळतो. मीही भाळतो, आणि शोकेसमध्ये उभ्या राहणाऱ्या मॉडेलला तसाच लावतो. पाण्यात उतरणाऱ्या मॉडेलचं गणित मात्र वेगळं आहे.

खऱ्या पाणबुडीला एवढी पाती लागतात ती आवाज लपवण्यासाठी. शेपटीवरच्या पंखांमागे पाण्याचा प्रवाह ठिकठिकाणी मंदावलेला असतो. त्यातून पातं गेलं की प्रत्येक वेळी एक ठोका बसतो. पंख चार आणि पाती सात असली की दोन पाती एकाच वेळी दोन पंखांमागे येत नाहीत. पातं वळलेलं असलं तर तो ठोका एका झटक्यात न बसता पसरून बसतो. अमेरिकेच्या स्किपजॅक वर्गाच्या पाणबुड्या आधी पाच पात्यांच्या होत्या, पुढे आवाज कमी करण्यासाठी सात आली. हे प्रकरण किती गंभीर मानतात ते १९८७ मध्ये दिसलं. असे प्रोपेलर कोरण्याच्या कामी येणारी यंत्रं तोशिबाच्या उपकंपनीने आणि ती चालवणारे नियंत्रक नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीने सोव्हिएत संघाला विकल्याचं तेव्हा उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला.

तुमच्या मॉडेलला सोनारपासून, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रापासून, लपायचं नाही. चाळीस मिलिमीटरच्या प्रोपेलरवर सात पाती बसवली की प्रत्येक पातं अरुंद होतं, पाण्याशी घासणारा पृष्ठभाग वाढतो आणि मोटरीची ताकद घर्षणात जाते. म्हणून मी एकाच व्यासाचे आणि एकाच आट्यांचे दोन प्रोपेलर ठेवतो: एक दाखवायचा, एक चालवायचा. चालवायचा तीन किंवा चार पात्यांचा, फार तर पाच. टाइप सातची जर्मन यू-बोट (दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी) बनवणाऱ्यांना ही कटकटच नाही, मूळचीच तीन पाती.

पाती बाजूला ठेवून आधी एक गोष्ट ठरवा: तुमची पाणबुडी बुडते कशी? बॅलास्ट टँकमध्ये पाणी भरून बुडणारी असेल तर ती पाण्याखाली जागच्या जागी थांबू शकते, संथ वेग चालतो. टँक नसेल आणि निव्वळ डायव्ह प्लेनच्या, म्हणजे खाली-वर वळणाऱ्या आडव्या पंखांच्या, जोरावर ती खाली जात असेल, तर वेग कमी झाला की ती वर आलीच. अशा मॉडेलला जोरदार ढकलणारा प्रोपेलर हवा. सुकाणू कुठे आहे तेही पाहा. टाइप सात-बीपासून पुढच्या यू-बोटींना दोन सुकाणू आहेत आणि दोन्ही थेट प्रोपेलरच्या मागे. प्रोपेलरने फेकलेलं पाणी त्यांच्यावर आदळतं, म्हणून अगदी कमी वेगातही बोट वळते. आधुनिक पाणबुड्यांत पंख आणि सुकाणू प्रोपेलरच्या पुढे असतात. त्यांना फेकलेलं पाणी मिळत नाही, वळायला हलचा, म्हणजे पाणबुडीच्या धडाचा, स्वतःचा वेग लागतो. अशा मॉडेलला कमजोर प्रोपेलर लावलात तर ते सरळ जात राहील आणि तुम्ही काठावर रिमोटची स्टिक पूर्ण वळवून उभे असाल.

आता वेग. खरा वेग थेट स्केलने भागू नका, मॉडेल रांगताना दिसेल. स्केलच्या वर्गमुळाने भागा. बहात्तराव्या स्केलची, म्हणजे मूळच्या एक बहात्तरांश मापाची, टाइप सात-सी घ्या. मूळ लांबी ६७.१ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण ९३ सेंटिमीटर. पृष्ठभागावर मूळ वेग १७.७ नॉट, म्हणजे सेकंदाला ९.१ मीटर. ७२ चं वर्गमूळ साडेआठच्या जवळ. भागाकार आला सेकंदाला १.०७ मीटर. पाण्याखालचा ७.६ नॉट तसाच भागला की सेकंदाला शेचाळीस सेंटिमीटर. या वेगाला नाकावरची लाट खऱ्या फोटोंसारखी उठते, आणि हौस असते ती त्याचीच.

वेगावरून पिच काढा. पिच म्हणजे एका फेऱ्यात, काही न घसरता, प्रोपेलर जेवढा पुढे जाईल ते अंतर. प्रत्यक्षात घसरतोच. लहान मॉडेलला मी चाळीस टक्के घसर धरतो, म्हणजे हव्या असलेल्या वेगाला ०.६ ने भागतो. १.०७ भागिले ०.६ म्हणजे १.७८ मीटर. पिच २५ मिलिमीटर असेल तर सेकंदाला ७१ फेरे, मिनिटाला जवळपास ४,३००. एवढे फेरे तुमची मोटर भार पडल्यावर देते का, ते बघा. मोकळी फिरवून मोजलेल्या आकड्यावर जाऊ नका. फेरे फार जास्त येत असतील तर गिअर लावा किंवा जास्त टर्नची (तारेचे वेढे जास्त असलेली, हळू फिरणारी) मोटर घ्या. पिच वाढवत नेऊन वेग काढायचा मोह टाळा. पिच व्यासाइतकी किंवा थोडी कमी-जास्त असली की बहुतेक मॉडेलं समाधानाने चालतात.

व्यासापाशी जरा थांबा, कारण मोटरी जळतात त्या इथेच. फेरे तेच ठेवले तर प्रोपेलरचा जोर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि टॉर्क, म्हणजे तो फिरवायला लागणारा पीळ, पाचव्या घाताने. ४० मिलिमीटर काढून ४५ चा लावला तर जोर साठ टक्के वाढतो, मोटरीवरचा भार मात्र ऐंशी टक्के. बोटीत हे एकवेळ खपतं, वारा लागतो. पाणबुडीत मोटर, स्पीड कंट्रोलर आणि बॅटरी एकाच बंद सिलिंडरमध्ये असतात. मोटरीची उष्णता तिथेच कोंडून राहते. म्हणून शंका असेल तेव्हा लहान व्यास घ्या. पातं आणि हल यांच्यात व्यासाच्या निदान दहा टक्के जागा मोकळी राहायला हवी, नाहीतर घरघर सुरू होते. स्केलप्रमाणे टाइप सातचा प्रोपेलर सतरा मिलिमीटरच्या आसपास येतो आणि तो खरोखर तोकडा पडतो. तिथे वीस-बावीस मिलिमीटर लावायला माझी हरकत नाही, पाण्यात कोण पट्टी लावून बघणार?

चाचणी टबमध्ये घ्या. मॉडेल दोरीने बांधा, बॅटरी आणि स्पीड कंट्रोलर यांच्यामध्ये वॅटमीटर जोडा, शेपटीला ताणकाटा लावा. थ्रॉटल हळूहळू पूर्ण द्या आणि पहिल्या दहा सेकंदांतला आकडा टिपा. त्यानंतर टबमधलं सगळं पाणीच फिरायला लागतं, प्रोपेलरला वाहतं पाणी मिळतं आणि करंट खोटा खोटा उतरतो. बांधलेल्या स्थितीत भार सर्वांत जास्त असतो, त्यामुळे इथे मोटर तग धरत असेल तर तलावात धरेलच. दोन मिनिटं चालवून सिलिंडर उघडा. मोटरीवर बोट ठेवता येत नसेल तर व्यास किंवा पिच उतरवा. दोन प्रोपेलरांची तुलना मी ग्रॅम प्रति अँपिअर या मापाने करतो. पण दोघांची पिच जवळपास सारखी असेल तरच. मोठ्या पिचचा प्रोपेलर बांधलेल्या बोटीवर उगाच वाईट दिसतो.

एकच प्रोपेलर असलेली पाणबुडी पाण्याखाली थ्रॉटल देताच एका कुशीवर झुकते. प्रोपेलर एका बाजूला फिरतो, हल दुसऱ्या बाजूला फिरू पाहते, आणि बुडलेल्या गोल हलला रोखायला खालच्या वजनाखेरीज काही नसतं. शिसं जितकं खाली बसवता येईल तितकं बसवा, थ्रॉटलची चढण मंद ठेवा, आणि तरीही झुकत असेल तर कमी पिचचा प्रोपेलर घ्या. दोन प्रोपेलर असतील तर एक उजवा आणि एक डावा घ्या, म्हणजे टॉर्क एकमेकांना खातात. सुटे विकत घेताना दोन्ही उजवेच हातात पडणार नाहीत याची खात्री करा. मागून पाहिलं असता घड्याळाच्या दिशेने फिरून पुढे ढकलतो तो उजवा.

पितळ की रेझिन, हा प्रश्न वजनाचाही आहे. चाळीस ग्रॅमचा पितळी प्रोपेलर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम भरतो. तो मध्यापासून पन्नास सेंटिमीटर मागे असेल तर त्याला तोलायला पंचवीस सेंटिमीटर पुढे सत्तर ग्रॅम शिसं लागतं. रेझिनचा जवळजवळ पाण्याच्याच घनतेचा, म्हणून शेपूट हलकी राहते, पण पातळ पात्याची कड तळाच्या दगडाला लागली की तुटते. चालवायचा आणि दाखवायचा प्रोपेलर वेगवेगळ्या साहित्याचे असतील तर बदलताना ट्रिमही, म्हणजे पाण्यातला तोलही, बदलते. वजनातला फरक एकदा मोजून तेवढं शिसं वेगळ्या डबीत ठेवा.

बसवण्याआधी तोल साधा. दोन ब्लेडच्या धारा समांतर, समपातळीत उभ्या करा. सरळ शाफ्टच्या तुकड्यावर प्रोपेलर घट्ट बसवून तो धारांवर ठेवा. जड पातं दर वेळी खाली येऊन थांबतं. त्या पात्याच्या पाठीवर, टोकाकडच्या भागात बारीक पॉलिश पेपर फिरवा, पुसा, पुन्हा ठेवा. कड घासू नका, आकार बिघडतो. प्रोपेलर कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच राहिला की काम झालं. सिलिंडरमधल्या बेअरिंगचं आणि शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या सीलचं आयुष्य यावरच आहे. सीलमधून पाणी यायला लागलं तर बहुतेकदा दोष सीलचा नसतो, थरथरणाऱ्या शाफ्टचा असतो.

शेवटी लॉकनट, म्हणजे प्रोपेलर सैल होऊ न देणारा नट. साध्या उजव्या आट्यांच्या शाफ्टवर उजवा प्रोपेलर पुढे जाताना सैल होत जातो आणि डावा मागे घेताना. म्हणजे दोघांनाही लॉकनट लागतोच, नुसत्या हाताने आवळून भागत नाही. एम-फोर (चार मिलिमीटरच्या आट्यांच्या) शाफ्टला एम-फोरचाच नट, नायलॉनवाला असेल तर उत्तम, आणि दोनतीन वेळा काढघाल झाली की नवा घ्या.