केमो चालू असताना जुलाब लागले, तर आधी मोजा

बाबांची तिसरी केमो झाली तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. छातीतल्या संसर्गासाठी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपला होता आणि जुलाब सुरू झाले. ‘केमोने पोट बिघडतंच’ असं म्हणत आम्ही तीन दिवस काढले. घरात पडलेली जुलाब थांबवायची गोळीही दिली. तपासणीत निघालं सी. डिफ, म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचा आतड्यातला संसर्ग. ते तीन दिवस मला अजून छळतात, म्हणून हे लिहितेय.

आतड्यातले नेहमीचे निरुपद्रवी जिवाणू अशा जंतूला पाय रोवू देत नाहीत. अँटिबायोटिक त्यांनाही मारतं. त्यात केमोने आतड्याचं अस्तर दुखावलेलं, पांढऱ्या पेशी घटलेल्या, हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू आणि वय पासष्टीच्या पुढे. म्हणून कोर्स संपला की कॅलेंडरवर तारीख लिहा. त्यानंतरचा महिना सर्वांत जोखमीचा, पण लक्ष तीन महिने ठेवायचं.

आता मोजण्याचं. २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं, तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. माणसं हे सांगत नाहीत, ही खरी अडचण. बाबा दर वेळी ‘दोनदाच’ म्हणायचे. शेवटी मी संडासाच्या दारामागे कागद लावला आणि दोऱ्याने पेन्सिल बांधली. ‘बाबा, मला सांगू नका, नुसती रेघ मारा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पाच रेघा होत्या, शेवटची फार वाकडी.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट झाला, तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच फोन करून निघा. मात्र म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, पोट फुगणं, शौचातून रक्त, यांतलं काहीही दिसलं तरी तेवढीच घाई करा.

फोनवर शेवटच्या अँटिबायोटिकचं नाव, केमोची तारीख आणि अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर तीही सांगा. ‘सी. डिफची तपासणी करायची का?’ हे स्वतःहून विचारा. नमुना पातळ शौचाचाच लागतो. जुलाब थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही, या जंतूचं विष आतच अडकून राहण्याची भीती असते. प्रोबायोटिकही मनाने नको; पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातले जिवाणू क्वचित रक्तात शिरू शकतात.

औषध बहुतेक वेळा दहा दिवस तोंडातून असतं, व्हँकोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन. बाबांना गिळायचा कंटाळा, म्हणून मी विचारलं, सलाईनमधून देता येईल का? उत्तर मिळालं की शिरेतून दिलेलं व्हँकोमायसिन मोठ्या आतड्याच्या पोकळीत पोहोचतच नाही. बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा.

आणि हात! आमच्या घरी टेबलाटेबलावर सॅनिटायझर होतं, त्यावर आम्ही निर्धास्त. पण या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक कवचातलं सुप्त रूप, अल्कोहोलने मरत नाहीत. साबण आणि वाहतं पाणीच हवं. अंगठे, नखं, बोटांच्या बेचक्या चोळून धुवायच्या, रुग्णाने आणि आपणही. शक्य असेल तर रुग्णाचा संडास वेगळा ठेवा, फ्लश करताना झाकण बंद. फ्लशची कळ, नळ, दाराची कडी, पलंगाची कड रोज ब्लीचने पुसायची: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, मिश्रण रोज ताजं, आणि पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्यायचा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मळलेले कपडे वेगळे, गरम पाण्यात.

बरं झाल्यावर पुन्हा शौच तपासून घेण्यात अर्थ नाही. त्रास गेला तरी तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते. पण साधारण सहातल्या एकाला दोन ते आठ आठवड्यांत हे पुन्हा होतं. कुठल्याही कारणाने नवं अँटिबायोटिक लिहून दिलं जात असेल, तर आधी सी. डिफ झालं होतं हे तिथल्या तिथे सांगा. आमच्या दारामागचा कागद आणि पेन्सिल पुढचे आठ आठवडे तिथेच होती.