या चुका टाळा: लांब केस, सुटणारा अंबाडा आणि पिनांचा डबा

गेली अठरा वर्षं मी डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडते आणि माझे केस कंबरेखाली येतात. केस मोकळे सोडून लेडीज डब्यात चढलं तर उतरताना त्यातले चार कुणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये राहतात, म्हणून अंबाडा शिकले. आता डब्यात कुणी ना कुणी "ताई, हे जरा बांधून द्या ना" म्हणत पाठ करून उभी राहते. ठाण्यापर्यंत माझं काम होतं, पण मुलुंड येता येता तोंडातून तेच ते शब्द निघायला लागतात: अगं, किती पिना खोचल्यास!

सर्वात मोठी चूक हीच. अंबाडा पिनांवर उभा राहतो असं मुलींना वाटतं. तो उभा राहतो बुडावर, म्हणजे पहिल्या बांधणीवर आणि पिळावर. पिन फक्त कडी लावते. दारच बसवलेलं नसेल तर कड्या कितीही लावा.

हे मला नीट कळलं ते मावसबहिणीच्या लग्नात. मे महिना, कल्याणचा हॉल, सकाळचा मुहूर्त. नवरीनं पहाटे चारला शाम्पू लावून केस धुतले, वर कंडिशनर. गुडघ्याला टेकायला चार बोटं कमी असे केस आणि ते झाले रेशमासारखे निसरडे. पार्लरवाली आली, ड्रायरनं वाळवले, एक गुळगुळीत सॅटिनचं रबर लावलं, त्यावर डोनट, म्हणजे अंबाडा फुगवायचं स्पंजचं कडं, डोनटवर केस आणि मग पिना. एक सुटायला लागली की शेजारी दुसरी, ती हलली की तिसरी. वर तीन पदरी गजरा, तोही पाण्यातून काढून तसाच. मोगऱ्याचा ओला गजरा हातात धरून बघा एकदा, किती जड लागतो ते.

मी करवली, दिवा घेऊन मागे उभी. तिसरं मंगलाष्टक सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत अंबाडा खाली यायला लागला. पडला नाही, सरकला. मुंडावळ्यांची गाठ त्याच्यावरच मारलेली, त्यामुळे कपाळावरच्या मुंडावळ्याही वर चढायला लागल्या. नवरी हार धरून अंतरपाटासमोर, तिला हात वर करता येईना. माझ्या दोन्ही हातांत दिवा. शेवटी पाठीशी उभ्या असलेल्या मामानं तळवा लावून अंबाडा धरून ठेवला, तो थेट "शुभमंगल सावधान" होऊन अक्षता पडेपर्यंत. अल्बममध्ये सगळ्यांना वाटतं मामा किती भरभरून आशीर्वाद देतोय.

खोलीत नेऊन सोडला तेव्हा त्रेसष्ट पिना निघाल्या. मी मोजल्या, कारण विश्वास बसेना. त्यातल्या बहुतेक नुसत्या अंबाड्यात खोचलेल्या होत्या. डोक्यालगतच्या केसांशी त्यांची ओळखच नव्हती. म्हणजे अंबाडा स्वतःलाच धरून बसला होता. मावशीनं स्वतःच्या केसांतली काळी आगवळ सोडून दिली (ती अजून लोकरीची आगवळ वापरते, रबर वापरत नाही), मी तिचे पाच वेढे देऊन बूड बांधलं, त्या निसरड्या केसांची साधी तीन पेडांची वेणी घातली आणि वेणीचा अंबाडा वळला. सात पिना लागल्या. रात्री वरातीत नाचूनही जागचा हलला नाही.

तर पिन घालायची कशी, ते एकदा नीट वाचा. आकडा, म्हणजे दुकानात ज्याला यू पिन म्हणतात तो, अंबाड्यासाठी. काळी चपटी पिन सुटलेल्या बटांसाठी. दोघींची कामं वेगळी आहेत. आकडा हातात घ्या, टोकं अंबाड्याच्या बाहेरच्या बाजूला. अंबाड्याच्या कडेच्या थोड्याशा बटेत टोकं शिरवा, डोक्याला टेकेपर्यंत. टेकली की तिथले थोडे केस त्यात येतात. आता आकडा उलटा फिरवा, टोकं अंबाड्याच्या मध्याकडे, आणि बुडाच्या दिशेनं आत ढकला. आत जाताना थोडा विरोध जाणवतो. तो जाणवलाच पाहिजे. लोण्यात सुरी जावी तशी सहज गेली तर तिनं काहीच धरलेलं नाही. टोचली तरी चुकलं: बाहेर काढा आणि पुन्हा घाला, वरून दाबू नका. घड्याळातले बारा, तीन, सहा, नऊ अशा चार जागी चार आकडे, आणि केस फारच जड असतील तर मधे दोन-तीन. याच्यापुढे हात डब्याकडे जायला लागला तर पिन टाकायची नाही, अंबाडा सोडायचा आणि बुडापासून सुरू करायचं. हे सांगितलं की मुलींचा चेहरा पडतो. पुन्हा बांधायला दोन मिनिटं लागतात, पण त्यांना ती नको असतात, चौदावी पिन हवी असते.

काळ्या पिनेची नागमोडी बाजू खाली, डोक्याकडे. गुळगुळीत बाजू वर. निम्मं जग उलटी लावतं. त्या नागमोडी खाचांतच केस अडकून बसतात. एकटी राहत नसेल तर दुसरी तिच्यावर फुलीसारखी आडवी लावा. आणि दातांनी उघडू नका. एकदा फाकलेली पिन पुन्हा पकड धरत नाही, शिवाय टोकाचा प्लास्टिकचा थेंब निघून जातो आणि मग ते उघडं टोक टाळू खरवडत राहतं. थेंब गेलेली पिन मी सरळ फेकून देते. पाच रुपयांच्या पाकिटासाठी डोकं कशाला सोलून घ्यायचं?

धुतल्या दिवशी अंबाडा

नको. समारंभ रविवारी असेल तर शनिवारी न्हा. इलाज नसेल तर बोटांना अगदी दोन थेंब खोबरेल चोळून केसांच्या खालच्या भागावर फिरवा किंवा आधी वेणी घाला. वेणीचा अंबाडा निसरड्या केसांनाही ऐकायला लावतो.

ओले केस

ओला केस ताणला की कोरड्यापेक्षा जास्त ताणतो आणि लवकर तुटतो. वर दिवसभर आत ओल राहिली की पावसाळ्यात येतो तो कुबट वास. सकाळी घाई असते हे मला माहीत आहे, मलाही असते. म्हणून रात्री न्हाते.

घट्ट म्हणजे पक्कं, हा गैरसमज

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली नोकरी रिसेप्शनवरची. केस चोपून मागे, एक बट दिसता कामा नये, असा नियम. मी दोन वर्षं रोज, सुट्टीच्या दिवशीही सवयीनं, डोक्याच्या मधोमध उंच अंबाडा बांधत होते. इतका ओढून की भुवया वर जायच्या. संध्याकाळी सोडला की टाळू दुखायची आणि मला वाटायचं की दमल्यामुळे डोकं दुखतंय. मग एका फोटोत लक्षात आलं, कानशिलांवरचे केस विरळ झालेत. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकलं होतं. आईनं आधी पाण्याला दोष दिला, मग शाम्पूला, मग माझ्या जेवणाला. त्वचेच्या डॉक्टरांनी फक्त विचारलं, "केस कसे बांधता?" मी बांधून दाखवले. त्यांनी कागदावर लिहिलं: ट्रॅक्शन ॲलोपेशिया. म्हणजे रोजच्या ओढीमुळे केस जाणं.

वेळेत ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मुळाशी व्रण होतो आणि मग तिथं काही उगवत नाही. माझे आले, पण केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतात. सात-आठ महिने कानशिलांवर नुसती लव उभी राहायची, ती कुठल्याच पिनेत बसायची नाही.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. अंबाडा बांधला की आरशात बघून भुवया उचलायच्या. कपाळ आधीच ताणलेलं वाटलं तर अंबाडा फार ओढलाय. मग बुडाला एका हातानं धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पुढचे केस जरासे पुढे सोडून घ्यायचे. अंबाडा त्यानं सुटत नाही, कारण तो पिळावर असतो. आणि रोज एकाच जागी बांधायचा नाही. सोमवारी मानेवर, मंगळवारी मधे, बुधवारी नुसती वेणी. स्कूटर चालवत असाल तर हेल्मेटखाली उंच अंबाडा बसतच नाही, हेल्मेट वर उचललं जातं. तेव्हा मानेवरची वेणी.

पीळ एकीकडे, वेढा दुसरीकडे

केस उजवीकडे पिळले तर वेढाही उजवीकडेच द्या. उलटा दिलात की प्रत्येक वेढ्याबरोबर पीळ उलगडतो आणि मग परत पिना.

आमच्या मासळी बाजारात एक मावशी बसतात. सुरमई कापून दोन्ही हात बरबटलेले, अंबाडा सुटला तर पाण्याच्या बादलीत हात बुचकळायचे, पदराला पुसायचे, केस मुठीत धरून दोन पीळ, दोन वेढे आणि उरलेलं टोक बुडाखालून ओढून काढलं की झाला बुचडा. पिन नाही, रबर नाही. वर शेवंतीची वेणी. मी एकदा विचारलं, कसं करता हो? म्हणाल्या, "काय कसं? केस आहेत ना, त्यांनाच बांधायचं." मला तो बुचडा जमायला महिना लागला आणि अजूनही त्यांच्याइतका बसत नाही.

क्लचर

सगळे केस गोळा करून क्लचरच्या तोंडात कोंबू नका. तीन दिवसांत स्प्रिंग जाते किंवा दात तुटतो आणि मग "लोकलमधल्या क्लचरना काही दम नसतो" म्हणून त्या विकणाऱ्या बाईवर राग. केस मानेपासून वर पिळत न्या, उरलेला शेपटा खाली वळवून पिळाच्या आत टाका, मग क्लचरचा एक जबडा पिळावर आणि दुसऱ्याचे दात डोक्यालगतच्या केसांत. कंबरेच्या केसांना बोटभर लांबीचं क्लचर कधीच पुरत नाही, चांगलं मोठं हवं. गाडीत मान मागे टेकून बसायचं असेल तर ते काढून मांडीवर ठेवा. जोरात ब्रेक लागला तर दात डोक्यात जातात.

काडी

एकच काडी आणि केस जागेवर, हे पाहायला जादू वाटते, पण तत्त्व आकड्याचंच. काडी अंबाड्याच्या कडेची बट घेते, डोक्याला टेकते, उलटी होते, डोक्यालगत केसांतून जाते आणि समोरच्या बाजूनं बाहेर येते. लाकडाची घ्या. स्टीलची चकचकीत काडी दाट केसांत ठीक, पातळ केसांतून दुपारपर्यंत निसटते. पेन्सिल चालते, फक्त टोक केलेली नको. आणि व्हिडिओत तीस सेकंदांत करून दाखवणाऱ्या मुलीचे केस किती लांब आहेत ते आधी बघा. खांद्यापर्यंतच्या केसांचा एक वेढा होतो, तुमचे चार होतात. तिचं वजन वेगळं, तुमचं वेगळं. पहिले आठ दिवस घरात, स्वयंपाक करताना करून बघा. ऑफिसच्या दिवशी सकाळी आठ वाजता पहिला प्रयोग करणाऱ्या मुलींना मी आता मदत करत नाही. (करते. पण बोलून दाखवते.)

आणखी काही, भराभर

नोटांच्या बंडलाचं रबर केसांना लावू नका. काढताना केस रबराबरोबर येतात. अडकलंच तर ओढू नका, कात्रीनं रबर कापा.

गजरा झटकून, पाणी निथळू देऊन माळा आणि पिन दोऱ्यावर लावा, कळ्यांतून नको. अंबाडा पक्का झाल्याशिवाय गजऱ्याला हात लावू नका.

गंगावन, म्हणजे वरून जोडायचे खोटे केस, बांधायचं ते बुडाच्या गाठीवर, मागच्या चार केसांना लटकवायचं नाही.

स्टेप कट असेल तर साध्या पिळाचा अंबाडा करून बटा बाहेर आल्या म्हणून रडू नका, त्या येणारच. जाळी लावा.

एमआरआय काढायला जाताना सगळ्या पिना घरी. आत खोल गेलेली एखादी हमखास विसरते, तिथं ते चालत नाही.

रात्री अंबाडा घालून झोपू नका. आधी आकडे काढा, मग वेढे सोडा, मग बूड. बूड आधी ओढलं तर आतल्या आकड्यांचा गुंता होतो. काढलेल्या पिना मी एका स्टीलच्या छोट्या डबीत टाकते, मोजून. सकाळी सात घातल्या असतील तर सात निघाल्या पाहिजेत. सहाच भरल्या तर दिवा घालवायच्या आधी केसांतून बोटं फिरवा. मागच्या आठवड्यात मी कंटाळा केला आणि सातवी पहाटे कानामागे सापडली.