फुल अँड फायनलमधून पैसे कापले तर काय करायचं

नोकरी सोडली की शेवटच्या हिशोबाचा कागद येतो आणि बरेच जण फक्त खालचा आकडा बघून सही करून टाकतात. असं करू नका. आधी एचआरला मेल टाका (फोन नको, मेलच) की कशाचे किती कापले ते एकेक करून लिहून द्या. नुसतं "इतर कपात" लिहिलं असेल तर ते अजिबात चालवून घेऊ नका.

वेतन संहिता २०१९ (पगाराबद्दलचा केंद्राचा कायदा) आता लागू आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. त्यात स्पष्ट आहे की काढून टाकलं असो नाहीतर तुम्ही स्वतः राजीनामा दिला असो, पगाराचे पैसे २ कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवेत, त्यामुळे "आमच्या पॉलिसीत ४५ दिवस लागतात" असं कुणी सांगितलं तर हा नियम मेलमध्ये लिहून पाठवा.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते लॅपटॉप, मोबाईल असल्या वस्तूंवरून. वस्तू तुमच्या ताब्यात दिलेली होती आणि तुमच्याच हलगर्जीपणामुळे खराब झाली किंवा हरवली, तरच पैसे कापता येतात, तेही नुकसान झालंय तेवढेच आणि कापायच्या आधी तुम्हाला तुमची बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. वापरून जुनी झालेली वस्तू म्हणजे नुकसान नव्हे, म्हणून परत देताना फोटो काढा आणि पोच घ्या, हे खरंच खूप कामाला येतं.

नोटीस पिरियड पूर्ण केला नसेल तर ऑफर लेटर काढून वाचा, त्याचे किती पैसे कापायचे ते तिथे जे लिहिलंय त्यावर ठरतं. त्या रकमेवर जीएसटी लावला असेल तर हरकत घ्या, तो लागत नाही असं सरकारने २०२२ मध्येच सांगितलंय. आणि एका महिन्याची सगळी कपात मिळून पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

पीएफमधला कंपनीचा वाटा तुमच्या पगारातून कापता येत नाही.

हिशोब पटत नसताना सही करायलाच लावली तर सहीशेजारी "कपात मान्य नाही" असं लिहा आणि त्या कागदाचा फोटो ठेवा. मेलला उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, सोबत सॅलरी स्लिप, ऑफर लेटर, मेल सगळं जोडा. दावा करायला ३ वर्षं मिळतात, आणि पैसे बरोबर दिले हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते, तुमच्यावर नाही.