सेल्फ लागतो, पण गाडी स्टार्ट होत नाही: दोष कसा शोधावा

चावी फिरवल्यावर नुसतं 'टक्' होऊन शांतता पसरत असेल, तर दोष बॅटरीत, तिच्या टर्मिनलमध्ये किंवा सेल्फच्या मोटरमध्ये शोधायचा. इथला प्रश्न वेगळा आहे. इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही. पेट घ्यायला पेट्रोल इंजिनाला इंधन, करंट (म्हणजे स्पार्क प्लगची ठिणगी) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) लागतं आणि तिन्ही नेमक्या वेळी लागतात. यातलं काय हरवलं आहे हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. अंदाजाने इंधनाचा पंप बदलायचा, मग प्लगला करंट देणारी कॉइल, मग सेन्सर, आणि शेवटी फ्यूज उडालेला सापडतो. असं वारंवार घडतं.

सुरुवातीला गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, जागा मोकळी आणि हवेशीर ठेवा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. नाहीतर सेल्फची मोटर तापते, बॅटरी बसते आणि एका दोषाचे दोन होतात.

आधी कान द्या

निरोगी इंजिन फिरताना आवाजात एक ठेका असतो, कारण प्रत्येक सिलिंडर दाबावर आला की सेल्फला जोर लागतो. हा ठेका संथ आणि ओढल्यासारखा येत असेल तर बॅटरीवर मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत आणि सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेला तर इंजिन फिरत राहतं, पण इसीएम (इंजिन चालवणारा कंप्युटर) आणि कॉइलला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. म्हणजे सेल्फ लागतो म्हणून बॅटरी चांगलीच आहे असं धरून चालायचं नाही.

याउलट इंजिन नेहमीपेक्षा भरभर, हलकं आणि ठेक्याशिवाय फिरलं, तर सेल्फ मारणं तिथेच थांबवा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) तुटला किंवा दात घसरून पुढे गेला असण्याची दाट शक्यता आहे. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर खर्च वाढत जातो. वरचं बेल्टकव्हर सैल करून बेल्ट पाहा. काही इंजिनांत तेल भरायचं झाकण काढल्यावर व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, दिसतो. दुसऱ्याला क्षणभर सेल्फ मारायला सांगून तो फिरतो का ते बघता येतं.

डॅशबोर्ड काय सांगतो

किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) चावी ओळखलेली नाही. गाडी एक-दोन सेकंद चालू होऊन लगेच बंद पडणं हीही काही गाड्यांत त्याचीच खूण असते. दुसरी चावी लावून पाहा आणि जुडग्यातल्या इतर चिपच्या चाव्या बाजूला काढा. बटणाने चालू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तर ब्रेक दाबून रिमोट बटणाला टेकवा आणि मग ते बटण दाबा. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

पंपाचा आवाज

इग्निशन चालू करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटच्या खालून, टाकीच्या बाजूने, दोन-तीन सेकंद 'घूं' असा आवाज यायला हवा. काही गाड्यांत पंप दार उघडतानाच फिरून घेतो, त्यामुळे एकदा आवाज आला नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका. खरंच आवाज नसेल तर आधी फ्यूज पाहा, मग रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच). शेजारच्या हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा. फुकटात होणारी ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे. काही गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच असतो, तो पुन्हा दाबावा लागतो.

सीएनजीच्या गाड्यांत पंप जास्त वेळा जातो. पेट्रोल पंपाला थंडही ठेवतं, आणि टाकी कायम तळाशी ठेवून गॅसवर पळवलं की पंप कोरडा पडून जळतो. बऱ्याच गाड्या मात्र स्टार्ट पेट्रोलवरच होतात.

एक प्लग काढा

पंप वाजतो, पण गाडी घेत नाही, अशा वेळी पाच-सात सेकंद सेल्फ मारून लगेच एक स्पार्क प्लग काढा. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर इंधन पोहोचतंय, करंट तपासा. कोरडा असेल तर फिल्टर, प्रेशर आणि इंजेक्टरकडे वळा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरबाहेर पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, प्रेशर गेज लावल्यास साधारण ३ ते ४ बार दिसतात. डायरेक्ट इंजेक्शनची किंवा डिझेलची हाय प्रेशर लाइन घरी उघडू नका.

करंट तपासायला स्पार्क टेस्टर वापरा. प्लग हातात धरू नका आणि कॉइल मोकळी लटकवून सेल्फ मारू नका. पहिल्यात झटका बसतो, दुसऱ्यात कॉइल किंवा इसीएम जातो. पंपाचा फ्यूज काढून ठेवला की बाहेर वाफ साचत नाही.

सगळेच प्लग ओले असतील तर इंजिन ओव्हरफ्लो झालं असेल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच ते दहा सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत त्या स्थितीत इंजेक्टर बंद राहतात आणि हवा आतलं पेट्रोल बाहेर काढते. इंजिनाने धरलं की लगेच पाय उचला.

इंधनही नाही आणि करंटही नाही, असं एकाच वेळी सापडलं तर दोन वेगळे दोष शोधत बसू नका. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे इसीएमला कळवणारा), मुख्य रिले किंवा इसीएमचा सप्लाय, यापैकी एकाकडे बोट जातं. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. १५० ते २५० च्या आसपास आकडा आला तर सेन्सर सिग्नल देतोय. शून्यच राहिला तर सेन्सर, त्याचा कनेक्टर आणि वायर पाहा. गरम गाडी बंद केल्यावर चालू होत नाही, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर मुकाट्याने होते, हे या सेन्सरचं ठरलेलं लक्षण आहे. स्कॅनरवर दिसणारा पी०३३५ हा कोडही त्याच्या सर्किटचाच, पण कोड सर्किट सांगतो, पार्ट नाही. म्हणून वायर आधी बघा.

डिझेल असेल तर

इथे ठिणगी लागत नाही. थंडीत ग्लो प्लगचा (सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगचा) डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबा. फिल्टर नुकताच बदलला असेल किंवा टाकी रिकामी झाली असेल तर लाइनमध्ये हवा धरलेली असते. हँडपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. फिल्टरखालच्या ड्रेनमधून पाणी काढा. ग्लो प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

एवढं सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन मोजा. पेट्रोल इंजिनात बहुधा १० ते १४ बार येतात. ७ च्या खाली असेल तर इंजिन स्टार्ट होणं कठीण. आणि पेट्रोल गाडीला बराच वेळ सेल्फ मारला असेल, तर चालू झाल्यावर डिपस्टिक काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला तर ते रिंगांमधून खाली उतरून तेल पातळ झालेलं असतं. लांब पळवण्याआधी तेल आणि ऑइल फिल्टर बदला.