अमेरिकन सिव्हिल वॉरमध्ये एकत्र लढलेले भाऊ रेकॉर्डमधून कसे शोधायचे

सुरुवात कंपनीपासून करा. 1861 ला भरती सुरू झाली तेव्हा पायदळाची एक कंपनी म्हणजे साधारण शंभर जण आणि ते बहुतेक एकाच गावातले किंवा काउंटीतले, त्यामुळे सख्खे भाऊ, चुलत भाऊ, शेजारी सगळे एकाच रांगेत. नॅशनल पार्क सर्व्हिसचा सैनिकांचा डेटाबेस फुकट आहे, तिथे आडनाव टाका, आणि स्पेलिंग बदलून बदलून टाका बरं का, कारण कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलंय, सख्ख्या भावांची आडनावंसुद्धा वेगवेगळी लागलेली असतात.

आडनाव एक म्हणजे भाऊच असं धरून चालू नका. 1860 चा सेन्सस काढा, दोघं एकाच घरात दिसतात का बघा. त्यात नातं लिहिलेलं नसतं, तो कॉलम 1880 ला आला, म्हणून वयं आणि आईबापांची नावं जुळवूनच पुढे जा.

आता खरं काम. नॅशनल अर्काइव्हजमध्ये, म्हणजे अमेरिकन सरकारच्या दफ्तरखान्यात, बहुतेक सैनिकांची सर्व्हिस कार्डं आहेत, हजेरीपटावरून उतरवलेली, आणि हजेरी साधारण दर दोन महिन्यांनी व्हायची. दोन्ही भावांची कार्डं शेजारी शेजारी ठेवून महिन्यामागून महिना वाचा. दोघंही हजर, दोघंही हजर, आणि मग एकाच्या कार्डावर "गैरहजर, आजारी, हॉस्पिटलमध्ये" आणि दुसरा अजून हजरच... तिथे थांबा, तेव्हा रेजिमेंट, म्हणजे कंपन्या मिळून झालेली त्यांची मोठी तुकडी, कुठे होती ते शोधा. एकटी एकटी कार्डं वाचली तर हे लक्षातच येत नाही. आणि गोळीपेक्षा रोगाने जास्त माणसं गेली या युद्धात, त्यामुळे हॉस्पिटलची नोंद दिसली की पुढचं कार्ड काढायला हात धजत नाही, पण काढा.

एखादा भाऊ गेला असेल तर आईची पेन्शन फाइल मागवाच. 1862 च्या कायद्याने मुलावर अवलंबून असलेल्या आईला पेन्शन मिळायची पण ते तिला सिद्ध करावं लागायचं, म्हणून कित्येक आयांनी मुलांची मूळ पत्रंच पुरावा म्हणून जोडली, पैसे पाठवतोय वगैरे लिहिलेली, आणि ती आजही फाइलमध्ये आहेत. दोन भाऊ सोबत असले तर एकाच्या पत्रात दुसऱ्याची खुशाली हमखास असते.

घरच्या आठवणींवर मात्र विसंबू नका. मिसेस बिक्स्बी नावाच्या एका आईला, पाच मुलं धारातीर्थी पडली म्हणून, नोव्हेंबर 1864 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या नावाने सांत्वनाचं पत्र गेलं, आणि रेकॉर्ड तपासल्यावर लढाईत दोनच गेलेले निघाले.

भाऊ दक्षिणेकडून, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या राज्यांच्या बाजूने लढले असतील तर केंद्राची पेन्शन नाही, ती राज्यं द्यायची, आणि तीसुद्धा म्हातारपणी माणूस जिथे राहत होता त्या राज्याकडून. भरती झाला ते राज्य धरून शोधत बसू नका.