मागच्या वेळी ठरलं त्याचं काय झालं?

लोकशाहीचं काही खरं नाही असं म्हणणारे पावलापावलाला भेटतात, मीही त्यातलाच. निवडणूक आली की मत टाकून यायचं, मधली सगळी वर्षं ग्रुपवर भांडायचं, आणि गल्लीतला दिवा तीन महिने बंद असला तरी तो नेमका कोणाच्या अखत्यारीत येतो याचा पत्ता नाही. मग एकदा सणक आली आणि मी परिसराची मीटिंग बोलावली. चाळीस खुर्च्या मांडल्या, नऊ जण आले. एका काकांनी पंचवीस मिनिटं भाषण ठोकलं, उरलेला वेळ गाड्या कोणी कुठे लावायच्या यावर गेला आणि शेवटी "बघू, करू काहीतरी" म्हणून सगळे उठले. पुढच्या महिन्यात चार जण. तिसरी मीटिंग झालीच नाही.

तेव्हा वाटलं लोकांनाच पडलेली नाहीये. आता बऱ्याच मीटिंगा अंगावरून गेल्यावर कळतंय की काय ठरलं ते आमच्यातल्या कोणी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी "मागच्या वेळी ठरलं त्याचं काय झालं?" हे विचारायची सोयच नव्हती. सगळी गोम या एका प्रश्नात आहे असं माझं मत झालंय, तर तिथपर्यंत पोचायचं कसं ते सांगतो.

आधी विषय. भ्रष्टाचार, पर्यावरण, तरुण पिढी असले विषय घेऊ नका, त्यावर भाषणं होतात, कामं होत नाहीत. डोळ्यांना दिसणारी, दोन-तीन महिन्यांत होईल अशी एक गोष्ट घ्या. बंद दिवा, शाळेसमोर रस्ता ओलांडायची जागा, तुंबणारं गटार, बाकाशिवायची बाग. त्यातला थोडा भाग आपल्याच हातात असेल तर उत्तम, म्हणजे कार्यालयाने काही केलं नाही तरी आपलं काहीतरी पुढे सरकतं आणि लोक टिकतात. पहिला विषय हमखास होईल असाच निवडा, यात लबाडी वगैरे काही नाही.

बोलावणं ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. तिथे अंगठे भरपूर येतात, माणसं येत नाहीत. दारं वाजवा. आणि दारात उभं राहून आपला अजेंडा सांगत बसू नका, "तुम्हाला इथलं काय खटकतं?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. मी तीस घरं फिरलो तेव्हा माझ्या डोक्यात दिवा होता, पण निम्म्या घरांत निघालं ते शाळा सुटतानाचं ट्रॅफिक. भाड्याने राहणारे, रात्रपाळीवाले, लहान मुलं सांभाळणारे, कॉलेजची पोरं, ही मंडळी एरवी कुठल्याच मीटिंगला दिसत नाहीत कारण त्यांना वाटतं आपल्याला कोण विचारतंय. त्यांना कधी जमतं ते विचारून मग वेळ ठरवा.

तरीही तीच तीच माणसं येत राहिली तर चिठ्ठ्या टाका. हसू नका, प्राचीन अथेन्समध्ये ५०० जणांची कौन्सिल चिठ्ठीनेच निवडायचे आणि एका माणसाला आयुष्यात दोनदाच तिथे बसता यायचं. आयर्लंडने २०१६ मध्ये हेच नव्याने केलं, ९९ साधे नागरिक लॉटरीच्या पद्धतीने निवडले, वर अध्यक्ष म्हणून एक न्यायाधीश बाई, आणि गर्भपाताच्या कायद्यासारखा वर्षानुवर्षं पेटलेला विषय त्यांच्यासमोर ठेवला. गोल टेबलांभोवती बसून तज्ज्ञांचं, दोन्ही बाजूंचं ऐकून त्यांनी शिफारस केली आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांच्या वर लोकांनी तिच्या दिशेनेच कौल दिला. आपण एवढं लांब जायचं नाही, यादीतल्या दहा घरांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्यांना घरी जाऊन खास आमंत्रण द्यायचं. चिठ्ठी निघाली म्हटलं की माणूस येतो, स्वतःहून आला नसता.

बसायचं गोल. स्टेज नको, माईक तर नकोच, माईक हातात आला की माणसाचा नेता होतो. आणि गर्दीचा हव्यास धरू नका, पंधरा-वीस जण भरपूर झाले. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगाव सभा भरते, लोक स्वतः गावचं बजेट पास करतात, आणि तिथला अनुभव असा की गाव जितकं लहान तितकी हजेरीची टक्केवारी जास्त. साहजिक आहे, दोनशेत माझ्या एका मताने फरक पडतो, वीस हजारांत मी कशाला येऊ.

आता नियम. नियम म्हटलं की लोकांना वाटतं हा सरकारी कारभार झाला, पण नियम नसले की ज्याचा आवाज मोठा त्याची मीटिंग होते. हेन्री रॉबर्ट नावाचा अमेरिकन सैन्यातला इंजिनियर होता, त्याला १८६३ मध्ये एका सभेचा अध्यक्ष केला आणि सभेचा पार गोंधळ उडाला, बिचाऱ्याने इतकं मनाला लावून घेतलं की अभ्यास करून १८७६ मध्ये सभेच्या नियमांचं पुस्तकच छापलं, अजून जगभर चालतंय. ते सगळं आपल्याला नको, त्यातलं एकच घ्या, एका विषयावर कोणीही जास्तीत जास्त दोनदा बोलायचं आणि ज्याला बोलायचंय पण जो अजून बोललेला नाही त्याचा नंबर आधी. आम्ही वर दोन मिनिटांची मर्यादा घातली आणि घड्याळ एका अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात दिलं. मोठ्या माणसाने थांबवलं तर काकांचा अपमान होतो, तिने हात वर केला की काका हसून खाली बसतात.

अध्यक्षाने स्वतःचं मत सांगायचं नाही, फारच सांगायचं असेल तर तेवढ्यापुरती खुर्ची दुसऱ्याला द्यायची. आणि चर्चा चालू असताना कोणीतरी मध्येच विचारायचं, "नेमका ठराव काय आहे?" एका वाक्यात ठराव मांडा, सूचक कोण, अनुमोदक कोण, दुरुस्ती कोणाची आहे का. दुरुस्तीला घाबरू नका. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतात अजून चौकात उघड्यावर सभा भरते आणि हात वर करून निर्णय होतात, तिथे २००६ मध्ये २५ नगरपालिकांच्या १० करायचा सरकारी प्रस्ताव होता, एका साध्या नागरिकाने उठून दहा कशाला तीनच करा म्हणून दुरुस्ती मांडली आणि सभेने ती पास केली! २०११ पासून तिथे तीनच आहेत.

मत घेतलं की विरोधातला आकडाही लिहा. "बहुमताने मंजूर" असं मोघम नको, "बाजूने ११, विरोधात ६, कारण अमुक" असं लिहा. ज्याचं म्हणणं कागदावर आलंय तो हरला तरी पुढच्या वेळी येतो, ज्याचं आलं नाही तो बाहेर जाऊन वेगळा ग्रुप काढतो.

आता वही, म्हणजे मुख्य मुद्दा. साधी शंभर पानी वही, लॅपटॉप नको, कारण वही कोणीही उघडून बघू शकतो. पानावर तीन रकाने, काम, नाव, तारीख. कामाच्या रकान्यात "दिव्याचं बघणे" असं लिहू नका, "खांबाचा नंबर टिपून कार्यालयात लेखी अर्ज देणे" असं लिहा. नावाच्या रकान्यात एकच नाव. "आपण सगळे" लिहिलं की ते काम मेलं म्हणून समजा, "कमिटी" लिहिलं तरी तेच. ज्याचं नाव लिहिताय त्याने सगळ्यांसमोर हो म्हटलं पाहिजे, गैरहजर माणसाच्या गळ्यात काम मारायचं नाही. उठायच्या आधी हे पान मोठ्याने वाचायचं, रात्री त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, आणि पुढच्या मीटिंगची सुरुवात दुसऱ्या कशानेही न करता याच पानाने करायची, एकेक ओळ, झालं का, नाही झालं तर नवी तारीख. ओरडायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत, फक्त विचारायचं. दोन-तीन मीटिंगांत लोक आदल्या दिवशी धावपळ करून कामं उरकायला लागतात, हे मी स्वतः बघितलंय.

कार्यालयात जाताना दोघांनी जा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि ती वहीत चिकटवा. "साहेबांशी बोलणं झालंय" याला शून्य किंमत, साहेबांची बदली होते, कागद राहतो. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयात हरवला, दुसऱ्या वेळी पोच दाखवली तेव्हा सापडला, तोही त्याच टेबलावर. भांडू नका, तारीख वाचून दाखवा. आणि काम झालं की आभाराचं पत्र पण द्या, बहुतेक कोणी देत नाही, त्यामुळे लक्षात राहतं.

पैशाचं थोडक्यात, वर्गणी काढलीत तर पावती द्या आणि हिशोब भिंतीवर लावा, रुपया न रुपया. सार्वजनिक पैशाबद्दल ब्राझीलचं पोर्तो आलेग्रे शहर बघण्यासारखं आहे, १९८९ पासून तिथे वस्तीवस्तीतल्या सभांत लोकच ठरवायचे की शहराच्या बजेटमधून आधी गटार करायचं का रस्ता, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. पण पुढे ठरलेली कामं रखडायला लागली तसा लोकांचा रस आटत गेला. एवढ्या मोठ्या शहरातही गाडी आमच्याच प्रश्नावर अडली.

ठरलेलं कोणी पाळलं नाही तर? एलिनॉर ऑस्ट्रॉमना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते कुरणं, जंगलं, कालवे लोक स्वतः कसे सांभाळतात या अभ्यासासाठी, त्यांना दिसलं की जिथे देखरेख आपल्यातलीच माणसं करतात, शिक्षा आधी छोटी नि मग वाढत जाते आणि भांडण जवळच्या जवळ स्वस्तात मिटतं तिथे व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणजे पहिल्याच चुकीला माणसाला ग्रुपमधून काढू नका, आधी घरी जाऊन विचारा, कदाचित आई आजारी असेल.

आणि हो, अधूनमधून बिनकामाचंही भेटा. इटलीत १९७० मध्ये एकाच साच्याची प्रादेशिक सरकारं आली, काही उत्तम चालली, काही रडतखडत. रॉबर्ट पटनम या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने वीसेक वर्षं अभ्यास केला, तर चांगली चाललेली होती तिथे गाण्याची मंडळं, फुटबॉल क्लब, सहकारी संस्था भरपूर होत्या. एकत्र गाणाऱ्या माणसाला "तुमचं काम राहिलंय" म्हणणं सोपं जातं, असा मी त्याचा अर्थ लावतो, चुकत असेन.

शेवटची सूचना मला स्वतःला जड गेली, वही दर सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे द्या. माझ्याकडे ती दीड वर्ष होती आणि हळूहळू लोक "तुझी मीटिंग कधी आहे?" असं विचारायला लागले होते. आता ती एका कॉलेजच्या मुलीकडे आहे. परवाच्या मीटिंगला तिने वही उघडली आणि पहिली ओळ वाचली, "बागेचा नकाशा आणणे," माझं नाव, तारीख होऊन गेलेली. म्हणाली, "दादा, झालं का?" मी म्हटलं नाही झालं. तिने नवी तारीख विचारली, लिहिली आणि पुढच्या ओळीवर गेली.